गेटवर कायदा, खाटेपाशी कोणी नाही

सोसायटीच्या गेटवर वॉचमन पुरवायचा तर एजन्सीला सरकारी परवाना लागतो. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ सालचा केंद्राचा कायदा आहे. वॉचमनची पार्श्वभूमी तपासायची, त्याला प्रशिक्षण द्यायचं, परवाना कार्यालयात सगळ्यांना दिसेल असा लावायचा, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत. त्यांच्या उशाशी बारा तास बसणारी बाई ज्या ब्युरोतून येते, त्या ब्युरोला असा कोणताही परवाना लागत नाही. एक गाळा भाड्याने घ्या, पाटी लावा, व्हॉट्सॲपवर जाहिरात फिरवा, धंदा सुरू. मोजकीच माणसं कामाला असतील तर राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती सूचना दिली की भागतं. आणि ब्युरो हमखास सांगतो की बाया आमच्या कामाला नाहीतच, आम्ही फक्त गाठ घालून देतो.

पुण्या-मुंबईत कुत्रा पाळायचा तर पालिकेचा परवाना काढावा लागतो. रस्त्यावर मांडव घालायचा तर पालिकेची परवानगी लागते. ज्याला बोलता येत नाही, स्वतःहून कूस बदलता येत नाही, अशा माणसाला अनोळखी हातांत सोपवताना मात्र कुठेच नोंद होत नाही. काही बिनसलं तर दाद कुठे मागायची, हेही ठरलेलं नाही. घरात दिल्या जाणाऱ्या शुश्रूषेवर देखरेख ठेवणं हे महापालिकेचं काम आहे आणि ते तिने आता हाती घेतलं पाहिजे. आज एवढंच सांगायचं आहे, पण ठासून सांगायचं आहे.

*

आधी गरज केवढी आहे ते पाहू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेले एक कोटी अकरा लाख लोक होते. म्हणजे दर शंभरात जवळपास दहा. देशाचं प्रमाण तेव्हा साडेआठच्या आसपास होतं, म्हणजे आपण आधीच पुढे होतो. २०३६ पर्यंत देशातल्या दर शंभर माणसांत पंधरा जण साठीपुढचे असतील, असा सरकारच्याच तज्ज्ञगटाचा अंदाज आहे. महाराष्ट्र त्याच्याही पुढे असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

मुलगा बंगळुरूला, मुलगी टोरोंटोला, सून सकाळी आठच्या लोकलला. आजवर घरातल्या बाईने ही शुश्रूषा फुकट केली, म्हणून तिचा हिशेब कुठल्याच अंदाजपत्रकात आला नाही. आता ती बाई नोकरीला जाते, किंवा तिचंच वय सत्तर झालेलं असतं. सत्तरीची बायको पंचाहत्तरीच्या नवऱ्याला उचलून बसवू शकत नाही. मग शेजारी, किराणावाला, हॉस्पिटलमधला वॉर्डबॉय, कुणीतरी एक नंबर देतो आणि ब्युरोला फोन जातो. संध्याकाळपर्यंत माणूस हवा असतो, कारण डिस्चार्ज उद्या सकाळी आहे. अशा घाईत कुणी चौकशी करत नाही. करायची म्हटली तरी कुठे करणार?

*

आता ती बाई करते काय, ते जवळून पाहा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. ती ओढून बदलायची नसते. अंगाखालची दुमडलेली चादर दोन्ही बाजूंनी धरून माणूस अलगद सरकवायचा, पाठीमागे उशी लावायची, दोन गुडघ्यांच्या मधे एक उशी, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. नुसतं ओढलं तर कातडी चादरीवर घासून सोलवटते. माकडहाडावर लाल डाग दिसला तर बोटाने दाबून पाहायचं. दाबल्यावर तो फिका पडत नसेल, तर तिथे पुढे जखम होणार हे ओळखायचं आणि त्या कुशीवर भार टाकायचा नाही. हा डाग वेळेत दिसला नाही, तर हाडापर्यंत जाणारी जखम व्हायला फार दिवस लागत नाहीत.

नाकातल्या नळीतून भरवायचं असेल तर डोकं आणि पाठ उचलून ठेवायची. नळी जागेवर आहे का ते आधी पाहायचं, पातळ खाद्य सावकाश सोडायचं आणि भरवून झाल्यावर लगेच आडवं करायचं नाही. घाई केली तर ते अन्न फुप्फुसात उतरतं. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली टांगायची, उचलताना ती पोटावर ठेवायची नाही. हे सगळं पायरीपायरीने शिकावं लागतं. हे काम जोखमीचं आहे आणि त्यात कौशल्य लागतं.

हे तिला कुणी शिकवलं? बहुतेक वेळा आधी त्या घरात असलेल्या दुसऱ्या बाईने, एका ड्युटीत. देशात या कामाचे अभ्यासक्रम आहेत. 'जनरल ड्युटी असिस्टंट', 'होम हेल्थ एड' अशी कौशल्य परिषदेची प्रमाणपत्रं मिळतात. पण घरी येणाऱ्या बाईकडे ते असलंच पाहिजे, असा नियम नाही. पांढरा कोट घातला की ती 'सिस्टर' होते आणि दर वाढतो. परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. नोंदणीकृत परिचारिका आणि कोट घातलेली मावशी यांतला फरक घरच्यांना कळावा, अशी सोय कुणीच केलेली नाही.

*

ब्युरोची पावती हा वाचण्यासारखा कागद आहे. रजिस्ट्रेशन फी, परत न मिळणारी. दर महिन्याचं कमिशन, आगाऊ. मौल्यवान वस्तूंची जबाबदारी ग्राहकाची. बाईला परस्पर कामाला ठेवलंत तर दंड. 'रिप्लेसमेंट' उपलब्धतेनुसार. खाली सही.

त्या कागदावर काय नसतं, तेही पाहा. बाईचं शिक्षण नसतं. तुम्ही दिलेल्या पैशांतले तिच्या हातात किती पडणार, ते नसतं. तिच्या सुट्टीचा वार नसतो. पेशंट पडला, नळी निघाली, बाई आलीच नाही, तर कुणाला फोन करायचा हे नसतं. तक्रार कुठे करायची, हे तर नसतंच. पोलिस व्हेरिफिकेशन म्हणजे बहुतेक ठिकाणी आधार कार्डाची झेरॉक्स.

घरच्यांना वाटतं आपण महिन्याला पाच आकडी रक्कम मोजतो, म्हणजे सेवा विकत घेतली. बाईला वाटतं आपल्याला ब्युरोने कामाला ठेवलं. ब्युरोचं म्हणणं, आपण दोघांच्या मधला. तिघांपैकी प्रत्येकाकडे हात झटकण्याची सोय आहे. ती सोय फक्त खाटेवरच्या माणसाकडे नाही.

*

हॉस्पिटलातली खाट आणि घरातली खाट यांत कायद्याने केवढी दरी ठेवली आहे, तेही बघा. राज्यात खासगी हॉस्पिटलं १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली येतात. महापालिका हद्दीत ही नोंदणी पालिकेकडे असते. २०२१ च्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद लावणं, दर दाखवणं, तक्रारीची सोय असणं बंधनकारक केलं. अंमलबजावणीबद्दल भांडण करता येतं, कारण भांडायला नियम आहे.

तोच रुग्ण डिस्चार्ज घेऊन रुग्णवाहिकेतून घरी उतरला की त्याचे हे सगळे हक्क हॉस्पिटलच्या दारातच राहतात. रुग्ण तोच आहे, नळी तीच आहे, पिशवी तीच आहे. धोका उलट वाढलेला असतो, कारण बेल दाबली तर धावून यायला डॉक्टर नाही. पण पालिकेच्या लेखी तो आता एका खासगी घरातला एक खासगी इसम आहे.

पैशाचंही तेच. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान भारतचं कुटुंबामागे पाच लाखांचं संरक्षण २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळालं. पाऊल चांगलंच आहे. पण ते हॉस्पिटलात दाखल होण्यासाठी आहे, पुढे डिस्चार्जनंतरच्या पंधरा दिवसांपर्यंत. सोळाव्या दिवशीही पक्षाघाताचा रुग्ण अंथरुणातच असतो. मग कुटुंब श्रावणबाळ योजनेच्या दीड हजारांकडे बघतं, तेही निकषात बसलं तर. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच तीन हजार मिळतात, काठी-चष्म्यासारख्या साधनांसाठी. माणूस ठेवायला यांपैकी एकाही योजनेतून वृद्धाला नियमित पैसा मिळत नाही, आणि स्वतःच्या खिशातून ठेवला तर त्या माणसावर देखरेख नाही.

*

हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, असं नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ चा. त्यात प्रांताधिकाऱ्यासमोर पोटगी मागता येते, तिची कमाल मर्यादा महिन्याला दहा हजार रुपये. घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्थांबद्दल त्यात काही नव्हतं. म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांनी नोंदणी करावी, त्यांना किमान दर्जा बांधून द्यावा, ही कलमं त्यात होती. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, समितीने अहवाल दिला. त्यानंतर ते पडून राहिलं आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तेही संपलं.

मधे करोना येऊन गेला. घरोघरी माणसं ऑक्सिजन लावून झोपली होती आणि ब्युरोंचे फोन लागत नव्हते. या सेवेचं मोल सगळ्या देशाला कळलं ते त्याच वर्षांत. तरीही विधेयक हललं नाही. याचा राग यायला हवा.

दिल्ली हलेपर्यंत पालिकेने थांबायचं कारण नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांकडे जे अठरा विषय सोपवले, त्यांत समाजातल्या दुर्बल घटकांच्या, दिव्यांगांच्या हिताचं रक्षण हा विषय स्पष्ट लिहिला आहे. दुर्बल या शब्दाचा अर्थ पाहायचा असेल, तर स्वतःच्या अंगावरची माशी हाकलता न येणाऱ्या माणसाकडे पाहा.

पैसा नाही, हे कारणही पुरं पडत नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नाचा पाच टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करायचा, असा राज्याचा आदेश आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं मानली. पार्किन्सन त्यात आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, हातापायांचं अपंगत्व तर आहेच. त्याच कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो अशांना काळजीवाहकासाठी भत्ता देण्याचीही तरतूद आहे. कायदा आहे, निधी आहे, माणूस खाटेवर आहे. मधलं टेबल सरकत नाही.

आणि त्या टेबलामागे बसणाऱ्याला प्रश्न विचारणारंही कुणी नव्हतं. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाने हाकला. वॉर्डात नगरसेवक नव्हता, सभागृहात प्रश्नोत्तरं नव्हती. रस्त्याचा खड्डा निदान फोटोत दिसतो. पाठीवरची जखम बंद दाराआड असते, तिच्यासाठी आवाज उठवायला प्रतिनिधीच लागतो.

*

देखरेख म्हटलं की आपण फक्त खाटेवरच्या माणसाचा विचार करतो. खाटेपाशी बसलेल्या बाईचा विचार केल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, हे मला फार कळकळीने सांगायचं आहे.

ती पहाटे निघते, दोन बस बदलते, आठला ड्युटीवर चढते. रात्री आठला बदली बाई आली नाही, तर पेशंटला एकटं सोडून जाता येत नाही, म्हणून ती रात्रही तिचीच. चोवीस तासांच्या ड्युटीवर झोपायचं कुठे, तर पेशंटच्या खाटेखाली चटई टाकून. काही घरांत तिला जेवण असतं, काही घरांत डबा आणायला सांगतात. कमरेला पट्टा बांधून ती ऐंशी किलोचा देह सरकवते. घरात अंगठी सापडली नाही की पहिली झडती तिच्या पिशवीची. पेशंटचा मुलगा किंवा खुद्द पेशंट अंगचटीला आला, तर तिने सांगायचं कुणाला? ब्युरोला सांगितलं तर काम जातं.

राज्याने घरेलू कामगारांसाठी २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. ब्युरोच्या बाईने विचारलं की मी त्यात बसते का, तर नीट उत्तर देणारं कुणी भेटत नाही. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तिला लागू आहे, कारण त्यात घर हेही कामाचं ठिकाण मानलं आहे. त्याच कायद्याने शहरात वॉर्ड किंवा नगरपालिका पातळीवर तक्रार घेणारा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं आहे. आपल्या वॉर्डातला तो अधिकारी कोण, हे आपल्या वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर जाऊन विचारा. मिळालेलं उत्तर लिहून ठेवा.

थकलेली, भेदरलेली, दोन महिन्यांचा पगार ब्युरोत अडकलेली बाई कुणाचीच नीट शुश्रूषा करू शकत नाही. तिचे हक्क आणि आजोबांची पाठ, दोन्ही एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत.

*

हे जमतं का? जमतं. केरळात जाऊन पाहा.

१९९३ मध्ये कोळिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. पुढे मलप्पुरममध्ये गावोगावचे स्वयंसेवक त्यात उतरले आणि रुग्णाने दवाखान्यात येण्याऐवजी पथकाने रुग्णाच्या घरी जायचं, अशी पद्धत बसली. २००८ मध्ये राज्याने धोरण जाहीर केलं. भारतातलं वेदनाशमन आणि दीर्घ शुश्रूषेचं ते पहिलं राज्यधोरण. त्यातला कळीचा निर्णय असा की हे काम पंचायती आणि नगरपालिकांकडे सोपवलं. परिचारिकेचं मानधन, गाडीभाडं, औषधं हे पंचायतीच्या योजनेत धरलं. समितीच्या अध्यक्षस्थानी पंचायतीचा अध्यक्ष, तांत्रिक जबाबदारी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरची. नऊशेएक्केचाळीस ग्रामपंचायतींच्या त्या राज्यात अंथरुणाला खिळलेला माणूस हा पंचायतीच्या कामाचा विषय झाला, रस्ता आणि पाण्यासारखा.

याने काय बदलतं? खाटेवरचा माणूस यादीवर येतो. नर्स ठरलेल्या दिवशी घरात पाऊल टाकते, पाठ पाहते, नळी बदलते, घरातल्यांना शिकवते. ज्या घरात बाहेरचं प्रशिक्षित माणूस नियमित येतं, त्या घरात दुर्लक्ष लपवून ठेवणं अवघड होतं. तमिळनाडूनेही २०२१ पासून घरोघरी आरोग्यसेवेची योजना चालवली आहे, तिच्यात घरच्या घरी फिजिओथेरपी आणि वेदनाशमन आहे. या राज्यांची अर्थव्यवस्था आपल्यापेक्षा मोठी नाही.

इंग्लंडचा धडा दुहेरी आहे, तोही घ्यावा. तिथे घरी जाऊन अंगाची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेला केअर क्वालिटी कमिशन या नियामक संस्थेकडे नोंदणी करावीच लागते. २०१४ च्या केअर ॲक्टने स्थानिक कौन्सिलवर जबाबदारी टाकली. गरज किती ते तपासायचं आणि संस्था बुडाली तर तिच्या रुग्णांची सोय लावायची. नोव्हेंबर २०१८ मध्ये अलाइड हेल्थकेअर ही मोठी कंपनी डगमगली, तेव्हा कमिशनने ८४ कौन्सिलांना आधीच लेखी इशारा दिला. कुणाच्या घरी कोण जातं याची नोंद होती, म्हणून तो इशारा देता आला. आपल्याकडे ब्युरो एका रात्रीत कुलूप लावतो आणि दुसऱ्या दिवशी किती खाटा बेवारस झाल्या, हे कुणालाही सांगता येत नाही.

पण त्याच देशात कौन्सिलांनी तुटपुंज्या पैशात काम उरकायला सुरुवात केली, तेव्हा पंधरा मिनिटांच्या भेटी आल्या. पंधरा मिनिटांत उठवा, धुवा, भरवा, पळा. लंडनच्या हॅरिंगे भागात कौन्सिलचं काम घेतलेल्या कंपन्यांच्या कामगारांनी २०२० मध्ये न्यायाधिकरणात दावा जिंकला. एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ धरला, तर त्यांना किमान वेतनही मिळत नव्हतं. नोंदणी झाली पण बाईच्या पगारावर लक्ष राहिलं नाही, तर देखरेख कागदावर उरते. आपण हे शहाणपण घेऊनच सुरुवात करू शकतो.

*

खरं तर दूर जायचीही गरज नाही. महाराष्ट्राने हा प्रश्न आधी एकदा सोडवलेला आहे.

हमालाचा मालक कोण, हेच ठरत नसे. आज या पेढीवर, उद्या त्या. पेढीवाला म्हणे तो मुकादमाचा माणूस, मुकादम म्हणे मी फक्त माणसं पुरवतो. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. काम करून घेणाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाला मजुरी द्यायची आणि भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी, रजा सांभाळायची. १९८१ मध्ये हीच रचना खासगी सुरक्षारक्षकांना लावली. त्यांचंही मंडळ आहे.

आता ब्युरोच्या बाईकडे पाहा. मालक ठरत नाही, घर बदलत राहतं, मधला माणूस कमिशन घेतो. तीच गाठ. जी रचना पेढीवरच्या हमालासाठी आणि गेटवरच्या रक्षकासाठी या राज्याने उभी केली, ती खाटेपाशी बसणाऱ्या बाईला नाकारण्याचं एकही कारण मला सापडत नाही. एकच फरक आहे. हमाल बाजारात एकत्र होते, मोर्चा काढू शकले. या बाया एकेका बंद घरात एकेकट्या आहेत.

*

आक्षेप मला ठाऊक आहेत. एकेकाला उत्तर देतो.

'इन्स्पेक्टर येईल, हप्ता सुरू होईल.' भीती खरी आहे. म्हणून ब्युरोंची यादी, त्यांच्याबद्दलच्या तक्रारी आणि झालेली कारवाई पालिकेच्या संकेतस्थळावर उघडी ठेवा. जे सगळ्यांना दिसतं, त्यावर सौदा करणं कठीण जातं.

'सेवा महाग होईल.' थोडी होईल. आज ती स्वस्त आहे ती बाईच्या पगारातून आणि आजोबांच्या पाठीतून. परवडत नाही त्या कुटुंबाला दिव्यांग निधीतून भत्ता द्या. कायद्याने तो मार्ग आधीच उघडला आहे.

'घर खासगी असतं, पालिकेचा माणूस आत कसा येईल?' जसा पोलिओ डोस द्यायला आला, तसा. करोनात ऑक्सिमीटर घेऊन आला, तसा. आशाताईला बहुतेक घरांनी दारातून परत पाठवलं नव्हतं. घरच्यांची संमती घ्या, वेळ कळवा, या.

'चांगले ब्युरोही आहेत.' आहेत. मनापासून काम करणारे, बायांना शिकवणारे, पगार वेळेवर देणारे आहेत. नोंदणीची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच आहे, कारण आज ते आणि भामटे एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर, एकाच दराने उभे आहेत.

*

म्हणून पालिकेकडे मागण्या पाच.

पहिली. प्रत्येक वॉर्ड ऑफिसात शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदवही उघडा. संस्थेचं नाव, चालकाचं नाव, कामावरच्या माणसांची यादी, प्रत्येकाचं प्रशिक्षण. नोंद नसलेल्या संस्थेचा नंबर एकाही पालिका रुग्णालयातून दिला जाणार नाही, एवढं आजही आयुक्तांना एका आदेशाने करता येतं.

दुसरी. पालिकेच्या रुग्णालयांत परिचारिकांकडून या बायांना शिकवा. कूस बदलणं, नळी, पिशवी, जखम ओळखणं, पडलेल्या माणसाला उचलणं. शिकून झाल्यावर फोटोचं ओळखपत्र द्या. पालिकेकडे खाटा आहेत, शिकवणारे हात आहेत, वर्ग आहेत.

तिसरी. एक पानी करार छापा, मराठीत, मोठ्या अक्षरात. ड्युटीचे तास, सुट्टी, बाईच्या खात्यात जाणारी रक्कम, ब्युरोचं कमिशन, अडचणीचा फोन. तीन सह्या.

चौथी. तक्रारीची खिडकी एक असावी आणि ती दोघांनाही उघडी असावी, कुटुंबाला आणि बाईलाही. ज्येष्ठांसाठी देशभर १४५६७ हा क्रमांक आहेच. त्यावर आलेली तक्रार वॉर्डात पोचली पाहिजे आणि त्या घरी कुणीतरी प्रत्यक्ष गेलं पाहिजे.

पाचवी. वर्षातून एकदा सभागृहात अहवाल ठेवा. शहरात किती माणसं अंथरुणाला खिळलेली आहेत, किती घरी भेटी झाल्या, किती तक्रारी आल्या, किती संस्थांची नोंद काढून घेतली. नगरसेवकांनी त्यावर बोलावं, आणि बोलणार नाहीत त्यांना आपण विचारावं.

राज्याने मंडळाचा कायदा करावा, केंद्राने ते बुडालेलं विधेयक पुन्हा आणावं. तोही लढा लढावाच लागेल. पण या पाचांपैकी एकाही मागणीसाठी मंत्रालयाची वाट पाहावी लागत नाही. नोंदवही, वर्ग, करार, खिडकी आणि अहवाल. या मागण्यांचा ठराव एका पानाचा आहे. आपापल्या नगरसेवकाच्या हातात तो द्या आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडायला लावा.